पावसाळ्यात जोडा, दिवाळीनंतर रंगवा: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी मॉडेल गाड्या

श्रावणातल्या एका दुपारी मी माझ्या पहिल्या मॉडेल गाडीच्या बॉडीवर चकचकीत काळा स्प्रे मारला आणि ती बाल्कांवात वाळत ठेवली. अर्ध्या तासाने बघते तर काळ्या रंगावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर. रंगच खराब असणार असे वाटले. दुसरा डबा मागवला, तोही तसाच बसला. दोष रंगाचा नव्हता, हवेचा होता, हे कळायला मला एक पूर्ण पावसाळा लागला. लॅकर रंगातला थिनर भराभर उडतो, तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. हवेत बाष्प भरलेले असले की ते त्या गार थरावर जमते आणि रंग पांढरा पडतो.

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या गाडीची छोटी प्रतिकृती करायच्या या छंदाबद्दल जे काही शिकायला मिळते ते बहुतेक कोरड्या हवेच्या देशांतले. ते चुकीचे नाही, पण डिचोलीतल्या जुलै महिन्यासाठी ते लिहिलेले नाही. म्हणून ही मांडणी गोव्याच्या वर्षाप्रमाणे केली आहे. जून ते ऑक्टोबर कापायचे, घासायचे, जोडायचे. रंगाचा डबा दिवाळीनंतर उघडायचा. एवढे एक पाळले तर तुमची पहिली गाडी माझ्या पहिल्या तीन गाड्यांपेक्षा चांगली होईल, याची मला खात्री आहे.

१. पहिले किट: गाडी घ्या, ट्रक नको

गाड्यांची बहुतेक किट, म्हणजे सुट्या भागांच्या पेट्या, १/२४ किंवा १/२५ मापाची असतात. १/२४ म्हणजे खऱ्या गाडीवरचे २४ सेंटिमीटर मॉडेलवर एक सेंटिमीटर. इंचाच्या हिशेबात एक फुटाला अर्धा इंच. तामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा या जपानी कंपन्यांच्या गाड्या सहसा १/२४, तर एएमटीसारख्या अमेरिकी कंपन्यांच्या बऱ्याचशा १/२५. युरोपियन ट्रक हवे असतील तर इटालेरीची १/२४ मधली किट आहेत. दोन्ही मापे शेजारी ठेवली तर फरक चटकन जाणवत नाही, पण एकाची चाके दुसऱ्याला लावायला गेलात की जाणवतो.

पहिले किट शक्यतो इंजिन नसलेले घ्या, म्हणजे बॉनेट बंद आणि खाली फक्त चासी. भाग कमी, जुळणी नेमकी. तामियाच्या अलीकडच्या गाड्या या बाबतीत नवशिक्याला फार सांभाळून घेतात. जुन्या साच्यांतून पुन्हा काढलेली किट स्वस्त आणि मोहक असतात, पण त्यांच्या भागांना कडेने पातळ पापुद्रे सुटलेले असतात आणि दोन अर्धुके एकमेकांवर बसत नाहीत. ती तिसऱ्या-चौथ्या किटसाठी ठेवा.

ट्रक पहिल्याच फटक्यात नको, हे मी मनापासून सांगते, कारण बहुतेकांना हवा असतो तो ट्रकच. मलाही तोच हवा होता. ट्रकच्या किटला भाग पुष्कळ, चासीची लांब फ्रेम जरा पिळवटली की एक चाक कायमचे हवेत राहते, आणि मग ते किट माळ्यावर जाते. दोन गाड्या पूर्ण करा. पूर्ण म्हणजे डिकल (पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायची चित्रे आणि अक्षरे) आणि आरशांसकट.

किमतीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. आपल्याकडे खेळण्यांच्या आयातीवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. स्केल मॉडेल त्याच गटात मोडतात, म्हणून दुकानातली किंमत परदेशातल्या किमतीशी ताडून बघितली की धक्का बसतो. गल्फमधून घरी येणाऱ्या भावाला किट आणायला सांगायचे तर जरूर सांगा, पण स्प्रेचे डबे आणि सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचे द्रव, सांगू नका. ज्वलनशील सामान विमानात चालत नाही, मोपाला उतरा नाहीतर दाबोळीला. स्प्रे देशातल्याच दुकानातून मागवावे लागतात आणि ते रस्त्याने येतात, त्यामुळे दिवाळीत हवे असतील तर गणपतीची चवथ झाली की मागवून ठेवा.

२. सामान: काय विकत घ्यायचे, काय घरातच आहे

विकत घ्यायचे ते असे:

- प्लॅस्टिक कापायचे निपर. तारा कापायचे नकोत, त्यांनी भाग चेचला जातो
- बारीक टोकाची सुरी आणि ११ नंबरची पाती
- पातळ सिमेंट, ज्याच्या झाकणालाच ब्रश असतो. तामियाचे हिरव्या झाकणाचे सगळीकडे चालते
- पॉलिश पेपर ४००, ६००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात मिळतात
- मॉडेलसाठीची मास्किंग टेप. हार्डवेअरची पिवळट टेप निघताना रंग घेऊन निघते
- प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच जातीचे, म्हणजे लॅकर, इनॅमल किंवा अॅक्रिलिक यांपैकी एकाच
- हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर
- सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क

शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास गाळतात. एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. बंद खोलीत नुसता रुमाल बांधून लॅकर मारू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही.

घरातले सामान: कपड्यांचे चिमटे, बांबूच्या काड्या, टूथपिक, फेविकॉल, जुना टूथब्रश, आइस्क्रीमची काडी. काडीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला की घासायची पट्टी तयार.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचे पेन) आणि त्याचा कंप्रेसर पहिल्या वर्षी घेऊ नका. हाताला कशाचा सराव लागतो ते बघायचे असेल तर चवथीच्या आधी गावातल्या गणपतीच्या चित्रशाळेत जाऊन उभ्या राहा किंवा उभे राहा. तिथले मूर्तिकार स्प्रे मारताना हात कसा चालवतात, मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच कसा संपवतात, हे दहा मिनिटे नीट पाहिले तर पुढचे सहावे प्रकरण निम्मे कळून जाते. मी तिथेच शिकले.

३. पेटी उघडल्यावर लगेच

सगळे भाग आहेत का ते माहितीपत्रकाशी ताडून बघा. मग तीन कामे त्याच दिवशी करा.

पहिले, टायर वेगळ्या पिशवीत घाला. टायर व्हिनाइलचे असतात. त्यांतला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू बाहेर पडतो आणि ज्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, टायर टेकलेला असेल त्यात खड्डा पाडतो. नेमका तो काचेच्या भागाला टेकलेला असला की संपलेच. जुन्या किटमध्ये हे जास्त दिसते.

दुसरे, डिकलचा कागद हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. गोव्याच्या पावसाळ्यात चपलांवर बुरशी येते, तिथे पाण्याने सुटणारा डिकलचा कागद किती टिकणार?

तिसरे, भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सगळ्या फ्रेमा भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून मारलेले तेल त्यांवर राहिलेले असते आणि त्यावर रंग धरत नाही. धुताना मोरीच्या जाळीवर फडके टाका, आरसा निसटून गेला तर पुन्हा मिळत नाही.

४. कापणे आणि घासणे: पावसाळ्याचे काम

फ्रेमेतून भाग काढताना दोन काप द्या. पहिला लांबून, भागाला थोडे देठ ठेवून. दुसरा जवळून, तरीही केसभर अंतर राखून. उरलेले सुरीने आणि पॉलिश पेपरने. एकाच कापात काढायला गेलात तर प्लॅस्टिक ताणले जाऊन पांढरे पडते किंवा खळगा पडतो, आणि तो नेमका चकचकीत बॉडीवर पडतो.

आता बॉडी उजेडात धरून तिरकी फिरवा. बंपरच्या कोपऱ्यापासून मडगार्डवरून छतापर्यंत जाणारी एक बारीक उंचवटा असलेली रेष दिसेल. साच्याचे तुकडे जिथे मिळतात तिथली ती रेष. ती खऱ्या गाडीला नसते. रंगाखाली लपेल असे वाटते, पण चकचकीत रंग लपवत नाही, दाखवतो. सुरीच्या पात्याची पाठ हलकेच ओढून ती खरवडा, मग ६०० आणि १००० च्या पेपरने पाणी लावून घासा. याच वेळी दाराच्या आणि बॉनेटच्या फटी पात्याच्या पाठीने थोड्या खोल करून घ्या, नाहीतर तीन-चार थरांनंतर त्या बुजून जातात.

खळगे राहिले तर लांबी म्हणजे पुट्टी भरायची, मॉडेलसाठीची. गॅरेजमधली दोन घटकांची पुट्टीही चालते, पण ती पातळ करण्यासाठी हार्डवेअरचा एनसी थिनर घालू नका. तो थिनर पॉलिस्टायरीन सरळ विरघळवतो. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने हौसेने पूर्ण बॉडी त्यात पुसली होती. छताला सुरकुत्या पडलेल्या मी स्वतः पाहिल्या. तो थिनर ब्रश आणि रंगाची भांडी धुण्यापुरता ठेवा.

हे सगळे काम घराबाहेर पाऊस कोसळत असताना खुशाल करता येते. धूळ उडत नाही, कारण पाणी लावून घासतोय. वीज गेली तरी खिडकीत बसता येते.

५. जोडणे

सिमेंट लावायच्या आधी प्रत्येक जोड कोरडा बसवून बघा. बसत नसेल तर सिमेंटने बसणार नाही.

हे सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. ते दोन्ही कडा विरघळवते आणि त्या एकमेकांत मुरून एक होतात. म्हणून आधी लावून मग जोडायचे नसते. दोन भाग हातात नीट जुळवून धरायचे आणि ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवायचे. सिमेंट आपोआप फटीतून पळत जाते, पाणी वातीत चढावे तसे. ते पळताना डोळ्यांना दिसते आणि पहिल्यांदा दिसले तेव्हा मी तोच जोड चार वेळा बघत बसले होते. एकच काळजी, फटीवर बोट नको. सिमेंट बोटाखाली शिरते आणि तुमचा ठसा प्लॅस्टिकवर कायमचा उमटतो.

फेविक्विक धातू, रेझिन आणि टायरसाठी ठेवा. काचेच्या भागाजवळ त्याची बाटलीसुद्धा आणू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. काचेला फेविकॉल बरा, वाळला की दिसत नाही आणि चुकल्यास ओल्या काडीने पुसता येतो. फेविक्विक बाष्पाने घट्ट होते, त्यामुळे पावसाळ्यात ते नेहमीपेक्षा लवकर पकडते, हेही लक्षात असू द्या.

ट्रकची चासी जोडायला स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा वापरा. दोन्ही लांब पट्ट्या ओट्यावर उभ्या, मधले आडवे भाग बसवायचे, वर चपटे वजन आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी चाके कोरडी लावून सगळी टेकतात का बघा. न टेकणारे चाक याच दिवशी दुरुस्त होते, नंतर नाही.

६. रंग

इथे थांबा आणि मीटर बघा. माझा नियम असा की आकडा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर चकचकीत रंग मारायचा नाही. पावसाळ्यात तो आमच्याकडे नव्वदीच्या आसपास असतो, म्हणजे प्रश्नच मिटला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. त्यांतही पहाटे धुके आणि दव असते, म्हणून दहा-साडेदहा वाजू द्या, भिंती आणि फरशी कोरडी होऊ द्या. समुद्राकाठी, म्हणजे कळंगुट-कोलव्याच्या बाजूला राहत असाल तर दुपारचा वारा सुटायच्या आत आटपा.

मॅट रंग आणि प्रायमर थोडी आर्द्रता सहन करतात. चकचकीत लॅकर आणि क्लिअर अजिबात करत नाहीत. पाण्यावर चालणारे अॅक्रिलिक पांढरे पडायची भीती कमी, म्हणून आतले भाग, चासी, सीट हे पावसाळ्यातही ब्रशने करायला हरकत नाही.

आता जातींचा नियम, ज्यात सगळ्यात जास्त बॉडी वाया जातात. खाली लॅकर असेल तर त्यावर इनॅमल किंवा अॅक्रिलिक चालते. खाली इनॅमल असेल तर त्यावर लॅकर मारू नका, खालचा थर उकलतो आणि भेगाळतो. तामियाच्या डब्यांवरची अक्षरेही बघून घ्या. टीएस लिहिलेले डबे किटच्या प्लॅस्टिकसाठी. पीएस लिहिलेले रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी, ते आपल्या किटला नकोत. दोन्ही एकाच फळीवर असतात आणि रंगही तसेच दिसतात.

आणखी एक, लाल प्लॅस्टिकची बॉडी पांढरी करायची असेल तर प्लॅस्टिकमधला लाल रंग वर झिरपतो आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो. मध्ये चंदेरी रंगाचा एक थर द्या, तो अडवतो.

प्रत्यक्ष मारायची पद्धत:

बॉडी एका बाटलीवर घट्ट बसवा. डबा हाताला कोमट लागेल इतक्या पाण्यात पाच मिनिटे ठेवा, म्हणजे फवारा बारीक येतो. गॅसजवळ किंवा उकळत्या पाण्यात कधीच नको, डबा फुटतो. नंतर दोन मिनिटे हलवा. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, एका संथ ओढीत पार न्यायचा आणि पलीकडे बाहेरच सोडायचा. बॉडीवर बटण दाबले की पहिला थेंब तिथेच पडतो.

पहिले दोन थर विरळ, नुसते शिंतोडे बसल्यासारखे. प्लॅस्टिक मधून मधून दिसले पाहिजे. तेवढ्यावर धीर सुटतो आणि माणूस भरून मारतो, मग रंग दाराच्या कडेला ओघळतो. पंधरा-वीस मिनिटे थांबत विरळ थर द्या. बॉडी पूर्ण झाकली गेली की एकच ओला थर, ज्यात खिडकीचे प्रतिबिंब दिसायला लागते. प्रतिबिंब दिसले की हात थांबवा.

वाळताना वर मोठा डबा किंवा टोपले पालथे घाला, पण खालून थोडी हवा जाऊ द्या. आपल्याकडे दिव्यावर येणारा एक पंखवाला किडा सगळी मेहनत घालवतो.

रंग वाळला की नाही हे नाकाला कळते. बॉडी नाकाजवळ धरा. वास येतो तोवर थिनर निघतोय, म्हणजे वाळलेला नाही. पॉलिश करायचे असेल तर दोन आठवडे थांबा.

एवढे करूनही रंग पांढरा पडला तर घाबरू नका. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि त्याच रंगाचा हलका ओला थर द्या, बहुतेक वेळा पांढरेपणा त्यात विरतो. एअरब्रश असेल तर सावकाश उडणारा लेव्हलिंग थिनर नुसता फवारूनही तो जातो. पार बिघडले तर बॉडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून रंग काढता येतो. हातमोजे घाला, रोज बघा, आणि वापरलेले तेल बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्या. विहिरीच्या जवळपास किंवा गटारात ओतू नका.

रंग आधी कशावर तरी तपासायचा असतो. जुना सल्ला प्लॅस्टिकच्या चमच्यांचा, पण १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे चमचे बंद झाले आहेत. प्रत्येक किटमध्ये न लागणारे चार-सहा भाग उरतात. ते फेकू नका, त्यांवर तपासा.

७. पॉलिश

२००० मग ३००० च्या पेपरने भरपूर पाणी लावून हलके घासा, नंतर पॉलिशचे कंपाउंड मऊ फडक्याने. कडा आणि उंचवटे यांना पेपर लावू नका. तिथे रंग सगळ्यात पातळ असतो, दोन घासांत खालचे प्रायमर दिसते. मला स्वतःला पॉलिश न केलेली पण नीट मारलेली गाडीही छान वाटते, आणि पहिल्या गाडीवर हे पाऊल गाळले तरी चालते.

८. आतले काम आणि बारकावे

डोळ्याला खरेपणा येतो तो मापातून. इंजिनमधल्या प्लगच्या वायरीची खरी जाडी साधारण आठ मिलिमीटर. २४ ने भागली की ०.३३. म्हणजे बाजारातली 'बारीक' वायर इथे पाण्याच्या पाइपएवढी दिसेल. बिघडलेल्या इअरफोनच्या आतली तार या मापाला जमते. पट्टी आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा आणि काहीही लावायच्या आधी भागाकार करा.

नंबर प्लेटचेही तसेच. आपल्या गाडीची लांबट प्लेट ५०० गुणिले १२० मिलिमीटर. १/२४ ला ती २०.८ गुणिले ५ होते. किटमध्ये जपानी किंवा युरोपियन प्लेटचे डिकल येतात. मी आपल्या साध्या प्रिंटरवर फोटोच्या कागदावर छापून घेते. खासगी गाडीला पांढरी, टॅक्सी आणि ट्रकला पिवळी. जीए-०१ पणजीचा, ०२ मडगावचा, ०३ म्हापशाचा, ०४ डिचोलीचा, ०५ फोंड्याचा, ०६ वास्कोचा.

सीटचे पट्टे मास्किंग टेपच्या दीड-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यांनी होतात, खरा पट्टा पाच सेंटिमीटरच्या आसपास असतो. टॅक्सी करत असाल तर डॅशबोर्डवरचा गणपती आणि आरशाला लोंबणारी माळ विसरू नका. चिकटवलेल्या लाल धाग्याच्या एका गाठीनेही काम होते.

९. क्रोम, काचा, डिकल

किटमधले क्रोम फार भडक असते आणि देठ कापलेल्या जागी पांढरे प्लॅस्टिक उघडे पडते. छोट्या जागेला क्रोमचा मार्कर पुरतो. पूर्ण भाग नव्याने करायचा असेल तर घरातल्या ब्लीचिंगच्या द्रावणात बुडवला की मुलामा थोड्या वेळात निघतो. खिडकीच्या कडेच्या पट्ट्यांना मॉडेलसाठीचा चिकट फॉइल लावतात. स्वयंपाकघरातला फॉइल त्या मानाने जाड, वळणावर सुरकुततो.

डिकल चकचकीत पृष्ठभागावरच लावायचा. मॅटवर लावला तर खाली हवा अडकून चंदेरी चट्टे दिसतात. पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग बाहेर काढून मिनिटभर थांबा आणि सरकवा. वळणावर डिकल मऊ करणारे द्रव लावले की तो आधी सुरकुततो. त्याला तेव्हा हात लावू नका, वाळताना तो आपोआप ताणून बसतो.

१०. आता ट्रक

बाबा खाणीवर टिपर चालवायचे. खाणीतून खनिज भरायचे, जेटीवर रिते करायचे, तिथून बार्जा मांडवीतून मुरगावला जायच्या. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे टिपर विकला. माझ्या हातात त्याचे दोन फोटो आहेत. त्या टिपरचे हुबेहूब किट मला मिळाले नाही, म्हणून एका युरोपियन ट्रकची चासी घेऊन हौदा स्वतः बनवला. तुम्हालाही आपल्या रस्त्यावरचा ट्रक हवा असेल तर हीच वाट.

हौदा पॉलिस्टायरीनच्या शीटचा करा, एक मिलिमीटर तळाला आणि बाजूंना, अर्धा मिलिमीटर उभ्या पट्ट्यांना. शीट घेताना एक तुकडा मागून सिमेंटने जोडून बघा. विरघळून चिकटला तर पॉलिस्टायरीन, नाहीतर दुसरेच काहीतरी. फलक बनवणारे वापरतात तो सनबोर्ड इथे चालत नाही. मापे गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या टिपरची टेपने घ्या. विचारून घ्या, आणि का हवीत ते सांगा. मला तर मालकाने स्वतः टेपचे दुसरे टोक धरून दिले. ४.२ मीटरचा हौदा १/२४ ला १७५ मिलिमीटर होतो.

आणि धूळ. ट्रक रंगवून झाल्यावर मी वरून छान तांबडी पूड भुरभुरवली आणि बाबांना दाखवली. त्यांनी तो ट्रक हातात घेऊन बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "धूळ वरून पडत नाही गो. खालून उडते." मी पुसून पुन्हा केली, त्यांना शेजारी बसवून. चाकांच्या मागे, चिखलरोधकाच्या आतून, पायरीच्या खालच्या अंगाला, हौद्याच्या पोटाखाली दाट. वर जावे तसे विरळ. काचेवर वायपरची कमान स्वच्छ. हौद्याच्या बाजूंवर पावसाच्या पाण्याने वरून खाली धुतलेल्या रेघा. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला एक वीतभर जागा रंग उडून गुळगुळीत झालेली. तिथे त्यांचे कोपर टेकलेले असायचे. मॉडेलवर ती जागा आठ-नऊ मिलिमीटरची आहे. चंदेरी रंगात बुडवून जवळपास कोरड्या केलेल्या ब्रशने ती उमटवली.

पूड विकतची आणू नका. आपल्या अंगणातली लाल माती किंवा चिऱ्याचा भुगा चांगला वाळवा, कुटा आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा चाळा. खनिजाची धूळ या मातीपेक्षा गडद, थोडी वांगी झाक असलेली, त्यासाठी मी त्यात काळ्या-तपकिरी खडूची पूड मिसळते. मऊ ब्रशने लावा आणि कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडा, तो पसरून पूड धरून ठेवतो. ओली असताना गडद दिसते, वाळल्यावर खूप फिकी होते, म्हणून थोडी-थोडी आणि थांबून.

फटींत काळे ओघळवायचे इनॅमलचे पातळ द्रव मिळते. ते रंगवलेल्या आणि क्लिअर मारलेल्या भागावरच वापरा. उघड्या प्लॅस्टिकमध्ये मुरले की ताण असलेला भाग, म्हणजे ट्रकचा अॅक्सल किंवा आरशाचा दांडा, काही दिवसांनी आपोआप तडकतो.

११. ठेवायचे कुठे

काचेच्या बंद कपाटात, उन्हापासून दूर, भिंतीला न टेकता. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी तापवून पुन्हा वापरायच्या ते दिसते. सुरीची पाती, निपर आणि एअरब्रशची सुई यांना पावसाळ्याच्या आधी मशीनच्या तेलाचा हात फिरवा, खाऱ्या हवेत ती एका महिन्यात गंजतात. माहितीपत्रके प्लॅस्टिकच्या पाकिटात, कसर आणि वाळवी दोघांपासून लांब.

डांबराच्या गोळ्या मात्र त्या कपाटात टाकू नका. आपल्या घरांत पावसाळा लागला की सगळ्या कपाटांत त्या टाकायची सवय असते. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडते. माझ्या कपाटात आईने टाकलेल्या दोन गोळ्या मला आठवड्याने सापडल्या, टिपरच्या अगदी मागे. ट्रक वाचला. आता कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी लावली आहे, आणि किल्ली बाबांकडे असते.